रॉक क्रॉलर (रेडिओ-नियंत्रित)

रॉक क्रॉलर, रेडिओ-नियंत्रित : दगडधोंड्यांवरून, कपारींतून आणि उभ्या वाटणाऱ्या कातळावरून सावकाश चढवण्यासाठी बांधलेली, चारही चाकांना जोर मिळणारी, बॅटरीवर चालणारी छोटी गाडी. सर्वांत रूढ आकार १:१० प्रमाणाचा. अलीकडे १:१८ आणि १:२४ प्रमाणाच्या, घरात पुस्तकांच्या ढिगावरही चालवता येतील अशा गाड्या लोकप्रिय झाल्या आहेत. रेडिओवर चालणाऱ्या इतर गाड्या वेगासाठी घेतल्या जातात. क्रॉलरला माणसाच्या चालीइतका वेग पुरतो, आणि दगडावर तोही बऱ्याचदा जास्तच ठरतो. कोणते चाक टेकले आहे, कोणते हवेत आहे हे पाहत बोटभर पुढे सरकायचे, असा हा खेळ.

खेळाची कल्पना अमेरिकेतली. युटा राज्यातील मोआबचा वालुकाश्म, कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडामधली रुबिकॉनची वाट अशा ठिकाणी खऱ्या जीपगाड्या खडकांवर चढवण्याचा नाद जुना आहे. छोट्या गाडीची यांत्रिक मुळे मात्र जपानमध्ये सापडतात. तामिया कंपनीने १९८१ मध्ये टोयोटा ४×४ पिकअपचे १:१० प्रतिरूप काढले. त्याला तीन गतींची गिअरपेटी आणि ट्रकसारखे कमानपाटे होते. पुढे १९८७ मध्ये तिचाच ‘क्लॉड बस्टर’ हा मोठ्या चाकांचा ट्रक आला. त्यात प्रत्येक ॲक्सलवर, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, स्वतंत्र मोटार होती आणि चारही चाके वळत. अमेरिकेतील हौशी मंडळींनी हे ॲक्सल काढून घरी कापलेल्या चासीवर बसवले आणि त्यांतून स्पर्धेचे सुरुवातीचे क्रॉलर घडले. कंपन्या मागाहून आल्या. ॲक्सिअलचा ‘एएक्स१० स्कॉर्पियन’ २००७ मध्ये आला आणि मग खऱ्या जीपसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची ‘एससीएक्स१०’ मालिका. ट्रॅक्सासच्या ‘टीआरएक्स-४’ने २०१७ मध्ये पोर्टल ॲक्सल (चाकाला ॲक्सलच्या रेषेखाली उतरवणारी रचना) आणि रिमोटवरून कुलूपबंद होणारे डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरांची जोडणी, सर्वसामान्य ग्राहकापर्यंत पोचवले.

रचना तशी साधी. शिडीसारखी दोन पट्ट्यांची चासी, पुढे-मागे सलग ॲक्सल, त्यांना चासीशी जोडणाऱ्या दांड्या म्हणजे लिंक, आणि तेल भरलेले शॉक. रस्त्यावरच्या गाडीपेक्षा मोठा फरक डिफरन्शियलमध्ये आहे. नेहमीचे डिफरन्शियल सगळा जोर हवेत लटकलेल्या चाकाकडे जाऊ देते, आणि खडकावर एखादे चाक लटकलेलेच असते. म्हणून बहुतेक क्रॉलरमध्ये ते जाम केलेले असते आणि दोन्ही बाजूंची चाके एकसारखी फिरतात. त्याची किंमत वळताना मोजावी लागते : गाडीला मोठा फेर लागतो आणि फरशीवर टायर घासतात.

दुसरा फरक गिअरिंगचा. समजा बिनभाराची मोटार मिनिटाला १०,००० फेरे घेते आणि मोटारीपासून चाकापर्यंतची एकूण घट ४०:१ आहे. मग चाक मिनिटाला २५० फेरे घेईल. टायरचा व्यास १२ सेंमी धरला, तर वेग ताशी साडेपाच किमीच्या आसपास येतो. म्हणूनच आत तारेचे ३५ ते ५५ वेढे असलेल्या, हळू फिरणाऱ्या पण जोरकस ब्रश मोटारी (घासणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून वीज घेणाऱ्या) अजून टिकून आहेत. सेन्सर असलेली ब्रशलेस मोटार अत्यंत कमी गतीवरही गुळगुळीत चालते, पण महाग पडते. वेगनियंत्रकात ‘ड्रॅग ब्रेक’ हवाच, कारण ट्रिगर सोडताच गाडी चढावर जागच्या जागी थांबली पाहिजे. शर्यतीच्या गाडीचा नियंत्रक लावून पाहणाऱ्याची गाडी पहिल्याच चढावरून मागे घरंगळत येते.

गाडी तयार मिळते किंवा किटमधून जोडता येते. किट जोडलेल्या माणसाला प्रत्येक स्क्रू कुठे जातो हे माहीत असते, आणि हा खेळ मोडतोडीचा असल्यामुळे ते ज्ञान लवकरच कामी येते. जोडताना दोन गोष्टी चुकतात. धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारे चिकट द्रव्य, लावायचे राहते, आणि प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला तेच चुकून लावले जाते. काही प्लॅस्टिके त्याने ठिसूळ होतात. पिनियन (मोटारीवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याने फिरणारा मोठा गिअर) यांच्या दातांत कागदाच्या कपट्याएवढी फट ठेवतात. फार घट्ट बसवले की मोटार तापते, सैल राहिले की दात सोलून निघतात.

सुधारणांच्या बाबतीत नवशिका बहुधा उलट क्रमाने जातो. आधी झगझगीत ॲल्युमिनियमचे भाग, मग ताकदवान मोटार, आणि सर्वांत शेवटी वजन. खरे तर चढण्याची क्षमता प्रथम वजन कुठे आहे यावर ठरते. एससीएक्स१० II (२०१६) या गाडीच्या दोन ॲक्सलांमधले अंतर ३१३ मिमी आहे. वजन पुढे-मागे निम्मे निम्मे वाटलेले आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १०० मिमी उंच धरला, तर चढ सुमारे ५७ अंशांचा झाला की गाडी मागे उलटते. वजन पुढे ६० टक्के नेले आणि गुरुत्वमध्य ८० मिमीवर उतरवला, तर हाच कोन ६७ अंशांच्या जवळ जातो. मोटार तीच, बॅटरी तीच. हे गणित स्थिर गाडीचे आहे. प्रत्यक्षात स्प्रिंगा दबतात आणि गाडी त्याआधीच घसरू लागते, पण दिशा बदलत नाही. म्हणून बॅटरी पुढे सरकवतात आणि रिमच्या आत व पुढच्या नकलवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यावर, पितळेचे तुकडे बसवतात. छपरावर सामानाची जाळी, दिवे, खेळण्यातले पेट्रोलचे डबे लावणारे नेमके उलटे करतात. गाडी देखणी होते आणि पहिल्या आडव्या उतारावर लोळते.

टायर हा पुढचा विषय, आणि पैशाच्या मोबदल्यात सर्वाधिक फरक तोच पाडतो. १:१० च्या गाड्यांत १.९ इंची रिम प्रचलित आहे, स्पर्धेच्या एका वर्गात २.२ इंची. टायरमध्ये दाबाची हवा नसते. आत फोमचे कडे असते आणि हवा ये-जा करायला छोटी भोके असतात. टायर दगडाच्या कडेवर चेपून तिला कवटाळतो, त्यामुळे मऊ रबर आणि योग्य फोम यांचा मेळ महत्त्वाचा. बाहेरून मऊ, आतून टणक असा दुहेरी फोम आडव्या उतारावर टायरला पूर्ण कोसळू देत नाही. चांगल्या रिमवर टायर चिकटवत नाहीत, दोन कड्यांमध्ये स्क्रूने आवळतात, म्हणजे फोम बदलता येतो. सह्याद्रीचा कोरडा बेसाल्ट खरखरीत असल्यामुळे साधे टायरही त्यावर पकड धरतात. पावसाळ्यात शेवाळ धरले की भारीतले भारी रबरही हात टेकते.

पितळ आणि मोठे टायर आले की जुना सर्व्हो, म्हणजे पुढची चाके वळवणारी छोटी मोटार, कण्हू लागतो. दगडांच्या बेचक्यात अडकलेली चाके वळवायला २५ किग्रॅ-सेंमी किंवा अधिक टॉर्क लागतो, म्हणजे अक्षापासून १ सेंमीवर २५ किलो उचलण्याइतका जोर. इतका जोर लावताना सर्व्हो वीजही तशीच ओढतो. नियंत्रकातून मिळणारी वीज अपुरी पडली, तर रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर क्षणभर बंद पडतो आणि दोष विनाकारण रेडिओवर जातो. उपाय म्हणजे सर्व्होला वेगळा व्होल्टेज-नियामक देणे आणि त्याचे व्होल्टेज सर्व्होला सोसेल तेवढेच ठेवणे.

पोर्टल ॲक्सल ही कल्पना खऱ्या गाड्यांतून आली. १९४८ पासूनच्या जर्मन युनिमॉगमध्ये ती आहे. चाकाजवळच्या पेटीतले गिअर चाकाला ॲक्सलच्या रेषेखाली उतरवतात, त्यामुळे ॲक्सलचा पोटाकडचा गोळा दगडावर आपटत नाही. शिवाय वेगाची थोडी घट चाकाशीच होत असल्याने मधल्या शाफ्टवर पीळ कमी येतो. जोर लावताच चासी एका बाजूला झुकते आणि पुढचे एक चाक उचलले जाते, हा त्रासही त्यामुळे घटतो. ॲक्सिअलने २०२० च्या एससीएक्स१० III मध्ये पोर्टल दिले. गिअर जास्त आणि झीजही जास्त, त्यामुळे साध्या ॲक्सलचे चाहते अजून हटलेले नाहीत. याखेरीज ‘ओव्हरड्राइव्ह’मध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित वेगाने फिरवतात. गाडी पुढून ओढली जाते आणि वळतेही आखूड.

बॅटरी बहुधा दोन किंवा तीन सेलची लिथियम पॉलिमर असते, ७.४ किंवा ११.१ व्होल्टची. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो, आणि ३ व्होल्टच्या खाली उतरला की बिघडू लागतो. महिनोन्‌महिने ठेवायची असल्यास ३.८ च्या आसपास ठेवतात. चार्जिंगला लावून घराबाहेर जाऊ नये. फुगलेली बॅटरी वापरूच नये.

स्पर्धेत खडकांवर दोन-दोन खुणांची फाटके उभारतात आणि गाडीने ती क्रमाने पार करायची असतात. फाटकाला स्पर्श झाला, उलटलेली गाडी हाताने सरळ करावी लागली, की दंडाचे गुण चढतात. सर्वांत कमी गुण मिळवणारा जिंकतो. काही स्पर्धेच्या गाड्यांत ‘डिग’ असतो : मागचा ॲक्सल जाम करून पुढची चाके फिरवली की गाडी जवळजवळ जागच्या जागी वळते.

ओढ्यातून आलेल्या गाडीच्या टायरमधला फोम पाणी पिऊन जड झालेला असतो. ते भोकांतून दाबून काढावे लागते, नाहीतर आठवड्यात कुबट वास येतो. नकलमधली बेअरिंगे त्याच दिवशी उघडून पुसून ग्रीस केली नाहीत, तर पुढच्या वेळी त्यांतून वाळूचा कुरकुर आवाज येतो.