आवाज नको वाढवू, गोधड्या आण

गेल्या श्रावणात मालवणजवळच्या एका वृद्धाश्रमात आमचं भजन होतं, पेटीवर मी. दुसरा अभंग चालू असताना मागच्या रांगेतल्या एक आजी हात हलवून म्हणाल्या, "माका कायच आयकाक येत नाय!" झालं, आमच्यातल्या पोराने स्पीकर वाढवला. मिनिटभरात त्याच आजी कानावर हात ठेवून, "बोंबलतंस कित्याक रे?" सगळे हसले, मीपण. नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं, आजी दोन्ही वेळा बरोबर होत्या.

कानाच्या आत शंखासारखी नळी असते, तिच्यात हळू आवाज वाढवून देणाऱ्या केसपेशी असतात, एका कानात साधारण १२,०००. वयाबरोबर त्या मरतात आणि परत उगवत नाहीत. मग हळू आवाज पोचतच नाही, मोठा मात्र पूर्वीसारखाच टोचतो. त्यातही आधी जातात त्या उंच स्वरांच्या, म्हणजे क, त, स यांची धार जाते, आ-ओ राहतात. "काठी" काय नि "पाटी" काय, सारखंच. हिअरिंग एडपण मुळात बोलण्यासाठी जुळवलेलं असतं, झांजा कडाडल्या की बिचारं फाटतं.

पण खरा गुन्हेगार हॉल. लादीची जमीन, वर स्लॅब, गिलावा केलेल्या भिंती, सगळीकडून आवाज परत येतो. याचं गणित मांडलं वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात, १८९५ पासून. तिथल्या एका लेक्चर हॉलमध्ये शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. हा माणूस रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून रचायचा, ऑर्गनची नळी वाजवून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा आणि सकाळच्या आत गाद्या परत! आवाज शोषण्याचं त्याचं माप काय, तर उघडी खिडकी, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

सूत्र सोपं आहे: घुमण्याचे सेकंद = ०.१६१ × खोलीचं घनफळ ÷ शोषण. आमचा हॉल अंदाजे १० बाय ६, उंची साडेतीन, म्हणजे २१० घनमीटर. रिकामा असताना शोषण जेमतेम ७ चौरस मीटर, म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीइतकं, धरलं तर जवळजवळ ५ सेकंद. पंचवीस माणसं बसली की शोषण १८, वेळ १.९. दीड-दीड चौरस मीटरच्या चार खिडक्या उघडल्या की २४, म्हणजे १.४. भिंतींवर दहा गोधड्या टांगल्या की आणखी १०, म्हणजे एक सेकंद! आता यात स्पीकरचं बटण कुठेच नाही बघा. आवाज वाढवला की शब्दही वाढतो आणि त्याच्यावर बसणारं घुमणंही तेवढंच वाढतं, मागच्या 'आ'खाली पुढचा 'त' गाडला जातो तो जातोच.

(व्हॉट्सअॅपवर ४३२ हर्ट्झचं संगीत म्हातारपणाचे आजार बरे करतं म्हणून फिरतंय, त्याला काडीचा आधार नाही. आधी खिडकी उघडा.)

दुसऱ्या खेपेला आम्ही हॉलच्या एका टोकाला न बसता लांब भिंतीच्या मध्यावर बसलो, म्हणजे कोणीच फार लांब नाही, मधे व्हीलचेअरपुरती वाट सोडली, झांजांची एकच जोडी ठेवली आणि आश्रमातल्याच गोधड्या दोरीवर टाकल्या. पाऊस नव्हता म्हणून खिडक्या उघडता आल्या, नाहीतर कोकणात श्रावणात ते नशिबावरच. स्पीकर लावलाच नाही.

भजन संपल्यावर त्याच आजींनी मला जवळ बोलावून घेतलं. "तिसऱ्या चरणात शब्द चुकलंस रे."