पगारपत्रकावरचे 200 रुपये

नवी मुंबईतल्या महापे किंवा ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या नोकरदाराचं पगारपत्रक पाहा. कपातींच्या रकान्यात ‘पी.टी.’समोर 200 रुपये असतात, फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. हा व्यवसाय कर. अनेकांना तो किरकोळ भुर्दंड वाटतो. पण 1975 साली तो लागला तो रोजगार हमी योजनेसाठी. गरीब देशात लोकशाही आणि विकास यांचा सांधा नेमका कुठे जुळतो, ते या एका ओळीत दिसतं.

1970 ते 1973 ही तीन वर्षं महाराष्ट्रात पाऊस हुलकावणी देत राहिला. शेवटच्या वर्षी तर ज्वारी-बाजरी बऱ्याच ठिकाणी हाती लागलीच नाही. तरीही 1943च्या बंगालसारखी प्रेतं रस्त्यावर पडली नाहीत. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती: खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव. ही कामं आपोआप निघाली नव्हती. मोर्चे निघाले, विधानसभेत प्रश्न झडले, वर्तमानपत्रांनी विषय लावून धरला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगाराच्या हमीची कल्पना या रेट्यात राज्यभर गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. मागितल्यापासून 15 दिवसांत काम, आणि पैसा शहरी नोकरदारांच्या करातून व राज्याच्या तिजोरीतून. पूर्वी दुष्काळात सरकारची मर्जी म्हणून निघणारं काम आता हक्क झालं.

निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं असलेल्या देशात दुष्काळात मोठ्या प्रमाणावर भूकबळी जात नाहीत, हे अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. चीनमध्ये 1959 ते 1961 या काळात कोट्यवधी माणसं मेली. खालचे अधिकारी पीक फुगवून कळवत होते आणि खोटं पकडायला ना विरोधक होते, ना मोकळी वर्तमानपत्रं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘लोकशाहीशिवायही विकास होतो, सिंगापूर बघा!’ बघावंच, पण हुकूमशहा मोबुटूचं झैरेही (आजचं काँगो) बघावं. हुकूमशाही देशांची वाढ लोकशाही देशांपेक्षा फार विखुरलेली असते: काही भरारी घेतात, काही गाळात जातात. आपल्याला फक्त भरारी आठवते.

देशांची तुलना करताना याहून मोठी चूक वेगळीच होते. अनेक देशांत राजवट कोसळते ती अर्थव्यवस्था घसरल्यावर. त्यामुळे लोकशाही आली तेव्हा देश आधीच खड्ड्यात असतो. नुसतं आधीचं आणि नंतरचं उत्पन्न पाहिलं, तर खड्ड्यातून वर येणंच लोकशाहीच्या खात्यावर जमा होतं. आणि घसरण लांबली, तर दोषही तिलाच. अर्थतज्ज्ञ असेमोग्लू आणि सहकाऱ्यांनी 2019च्या अभ्यासात 175 देशांची 1960 ते 2010 ची आकडेवारी घेतली. लोकशाहीत आलेल्या देशाची तुलना त्यांनी ज्यांचं उत्पन्न आधीची काही वर्षं तसंच हललं होतं, पण राजवट बदलली नव्हती, अशा देशांशी केली. उत्तर आलं: सुमारे 25 वर्षांनी दरडोई उत्पन्न साधारण 20 टक्के जास्त. वर्षाला पाऊण टक्कासुद्धा नाही. पाच वर्षांच्या एका मुदतीत हे कोणाच्याही खिशाला जाणवणार नाही, म्हणून ‘लोकशाहीने काय दिलं’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर नेहमी लोकशाहीच्या विरोधातच सुटतो.

ही वाढ येते ती गुंतवणूक, शाळा, बालमृत्यूतली घट अशा वाटांनी. पण मतपेटीतून शाळेपर्यंत निरोप पोचवतं कोण? बेस्ली आणि बर्जेस या अर्थतज्ज्ञांनी भारतातल्या 16 राज्यांची 1958 ते 1992 ची आकडेवारी तपासली. पीक 10 टक्के घटलं, की वर्तमानपत्रांचा खप मध्यम असलेल्या राज्यात सरकारी धान्यवाटप सुमारे 1 टक्क्याने वाढे. जास्त खपाच्या राज्यात सव्वादोन टक्क्यांहून थोडं अधिक. परिणाम दिसला तो प्रामुख्याने प्रादेशिक भाषांतल्या वर्तमानपत्रांचा. इंग्रजी वाचणारा मतदार दुष्काळी कामावर जात नाही, एवढं साधं कारण त्यामागे असावं.

हीच यंत्रणा कुठे अडते, तेही ठाणे जिल्ह्यानेच पाहिलं. 1992-93 मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालकं दगावली. जव्हार आज ज्या पालघर जिल्ह्यात आहे, तो तेव्हा वेगळा नव्हता. जिल्ह्याचं मुख्यालय ठाण्यात, म्हणजे वागळे इस्टेटपासून हाकेच्या अंतरावर. रोजगार हमीचा कायदाही होता. पण दुष्काळ एकदम येतो, म्हणून त्याची बातमी होते. रोज पावशेर कमी खाणाऱ्या पोराची होत नाही. मूल गेल्यावर होते. भारतात दुष्काळातले मोठे भूकबळी टळले, कुपोषण राहिलं, यातली विसंगती सेन यांनीही दाखवली आहे.

खाडीपलीकडे नवी मुंबईने उलटा प्रयोग केला. 1970 मध्ये सिडको ही सरकारी कंपनी निघाली आणि 95 गावांच्या जमिनीवर शहर आखलं गेलं. आखणी उत्तम, पण मोबदल्याचं गणित गावांना विचारून मांडलेलं नव्हतं. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन पेटलं, जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरातल्या गोळीबारात पाच जण गेले आणि 1990 मध्ये घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. तोच निरोप विचारून मिळाला असता, तर स्वस्तात मिळाला असता. महापालिका आली 1992 मध्ये, पहिली निवडणूक 1995 मध्ये.

मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असं घटनेचं कलम 243 यू सांगतं. नवी मुंबईत नगरसेवकांची मुदत 2020 मध्ये संपली, ठाण्यात 2022 मध्ये. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. मतदान झालं ते जानेवारी 2026 मध्ये. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक होते. डांबर पडलं, दिवे लागले, अर्थसंकल्प वेळेवर मांडले गेले. स्थायी समितीत निविदेचा कागद हातात धरून प्रश्न विचारणारा मात्र नवी मुंबईत साडेपाच वर्षांहून जास्त काळ कोणी नव्हता.