गुणपत्रिकेमागचं घर

दहावीतल्या मुलाचे गुण घसरले की जाब त्यालाच विचारतात: "लक्ष कुठंय तुझं?" त्याचं लक्ष कित्येकदा जिन्यावरच्या पावलांकडे असतं. बाबा आज पिऊन आलेत का, हे चपला काढण्याच्या आवाजावरून ओळखणारी मुलं असतात. समोर वर्गसमीकरण, कान दाराशी. रोज असंच चाललं की अंगात ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात, झोप पुरी होत नाही. गणितात आधीची पायरी डोक्यात धरून पुढची मांडावी लागते, आणि नेमकं तेच जमेनासं होतं. वर्गात बाईंना दिसतो तो आळस.

अभ्यासकांनाही घरापर्यंत पोहोचायला वेळ लागला. 1966 साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांच्या पाहणीचा अहवाल मांडला. शाळेच्या सोयीसुविधांपेक्षा घरच्या परिस्थितीचा निकालाशी जास्त संबंध आहे, असं त्यातून निघालं. पण तिथं घर म्हणजे मुख्यतः आईवडिलांचं शिक्षण नि ऐपत. रात्रीची भांडणं त्या तक्त्यांत नव्हती.

त्यांची नोंद झाली हवाईतल्या कवाई या ऊस-अननसाच्या मळ्यांच्या बेटावर. तिथं 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा माग एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी थेट चाळिशीपर्यंत ठेवला. गरिबी, जन्माच्या वेळचा त्रास, आईबापांची भांडणं, दारू, मानसिक आजार... यातल्या चार-चार गोष्टी साधारण 200 मुलांच्या वाट्याला दोन वर्षांची व्हायच्या आतच आल्या होत्या. त्यातली दोन तृतीयांश मुलं पुढे अडखळली: कुणी दहाव्या वर्षापर्यंत शिकण्यात नाहीतर वागण्यात, कुणी अठरापर्यंत गुन्ह्यांत किंवा मानसिक आजारात.

उरलेली 72 तरली, आणि मला या सगळ्या खटाटोपात हाच आकडा सगळ्यात मोलाचा वाटतो. या मुलांना कुणीतरी एक भरवशाचं माणूस मिळालं होतं: आजी, मावशी, थोरलं भावंड. घराबाहेरच्या माणसांत आवडते शिक्षक वारंवार सापडले. घरी धड बसता येत नसलेल्या मुलांना शाळेत निवांतपणा मिळत होता.

पुढे 1995 ते 1997 दरम्यान सॅन डिएगोत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंदा यांनी 17,000हून अधिक प्रौढांना लहानपणच्या मारझोडीविषयी, घरातल्या व्यसनांविषयी विचारलं. त्रास जितके जास्त, तितके पुढचे आजारही जास्त, असं दिसलं. प्रश्न आरोग्याचा होता, पण लहानपणच्या त्रासांची ही भाषा पुढे शाळांमध्येही पोहोचली.

ऊस आपल्याकडेही आहे. बीडकडची जोडपी उचल घेतात, कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात. दहावीचं पोर मागं आजीजवळ. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात येते, तेव्हा आईबाप बहुतेक अजून फडातच असतात. सकाळी डबा आजी भरते, आणि पेपर कसा गेला हेही तीच विचारते.