डेस्कटॉप संगणक अचानक चालू न होणे

डेस्कटॉप संगणक अचानक चालू न होणे : काल रात्रीपर्यंत सुरळीत चाललेल्या संगणकाचे बटण दाबल्यावर पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही, आवाजही येत नाही, अशी बिघाडाची अवस्था. दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत ‘पीसी डेड’. पंखे फिरतात पण पडद्यावर काहीच येत नाही, तो ‘नो डिस्प्ले’ हा निराळा आजार. ग्राहक दोन्हींसाठी फोनवर ‘कॉम्प्युटर चालूच होत नाही’ एवढेच सांगतो, म्हणून दुकानदाराचा पहिला प्रश्न ‘पंखा फिरतो का?’ हा असतो. रॅमची (तात्पुरत्या स्मृतीची) पट्टी काढून खोडरबराने घासणे हा घरोघरचा उपाय नो डिस्प्लेला कधीकधी लागू पडतो. डेड पीसीवर तो करण्यात सहसा वेळच जातो.

जुन्या एटी पद्धतीच्या संगणकात बटण थेट विजेच्या वाटेवर असे. दाबले की २३० व्होल्ट आत. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स रचनेत हे बदलले. भिंतीवरचा स्विच चालू आहे तोवर एसएमपीएस (घरच्या विजेचे कमी व्होल्टच्या डीसीत रूपांतर करणारा कॅबिनेटमधला डबा) जांभळ्या तारेतून मदरबोर्डला (सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाला) ५ व्होल्ट देतच राहतो. हा स्टँडबाय पुरवठा. कॅबिनेटचे बटण मदरबोर्डला केवळ खूण करते. बोर्ड मग हिरवी तार ग्राउंडला जोडतो, एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू करतो आणि ते स्थिरावले की राखाडी तारेतून तसा इशारा देतो. त्यानंतरच प्रोसेसर कामाला लागतो. (हल्ली काही एसएमपीएसच्या सगळ्या तारा काळ्या असतात. तिथे २४ पिनांच्या कनेक्टरवरील जागा पाहावी : जांभळी ९, हिरवी १६, राखाडी ८.)

बिघाड ‘अचानक’ वाटतो, पण पुष्कळदा तो वर्षानुवर्षे शिजत आलेला असतो. मुंबईत वीज फारशी जात नाही आणि संगणक बंद केला तरी भिंतीवरचा स्विच कोणी बंद करत नाही. त्यामुळे एसएमपीएसमधले स्टँडबाय सर्किट रात्रंदिवस राबते आणि त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांड्यासारखे छोटे भाग) उष्णतेने हळूहळू सुकतात. तापलेल्या अवस्थेत ते कसेबसे निभावतात. मग सोसायटीत मीटर रूमच्या कामासाठी वीज बंद केली जाते, किंवा १२ ऑक्टोबर २०२० सारखा दिवस उजाडतो, ज्या दिवशी ग्रिडमधील बिघाडाने जवळजवळ सगळे शहर काही तास विजेविना होते. तेवढ्यात सर्किट थंड पडते आणि वीज परतल्यावर उठतच नाही. मालक दोष विजेच्या झटक्याला देतो. झटकाही कारण असू शकतो. पण यंत्र सात-आठ वर्षांचे असेल तर आधी कपॅसिटरवर संशय घ्यावा. माथे फुगलेला किंवा तपकिरी चिकट द्रव गळालेला कपॅसिटर मदरबोर्डवर नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

तपासणी भिंतीपासून आत करत यावी, कॅबिनेट उघडून सुरुवात करू नये. त्याच सॉकेटवर मोबाइलचा चार्जर किंवा टेबल लॅम्प लावून पाहावा. स्पाइक बस्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारा एक्स्टेन्शन बोर्ड) आणि यूपीएस वगळून प्लग थेट भिंतीत लावावा. घरगुती यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी उतरली की काही यूपीएस वीज असूनही सुरू होत नाहीत. पॉवर केबलसाठी नवी आणायची गरज नाही, कारण बहुतेक मॉनिटरांची केबल त्याच जातीची असते. अदलाबदल करून पाहता येते. एसएमपीएसच्या पाठीवरचा छोटा स्विच केरवारे करताना धक्क्याने बंद होतो, तोही पाहावा. जुन्या एसएमपीएसवर ११५/२३० असा लाल स्विच असतो. तो कुतूहल म्हणूनही ११५ कडे सरकवू नये. आपल्या २३० व्होल्टवर मोठा आवाज होऊन एसएमपीएस जातो.

एवढ्याने भागले नाही तर प्लग काढून बटण काही सेकंद दाबून धरावे आणि दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करावा. एसएमपीएसचे संरक्षण-सर्किट अडकून बसले असेल तर ते यात मोकळे होते. मग कॅबिनेट उघडावे. प्लग लावल्यावर मदरबोर्डवरचा बारीक दिवा (तो सगळ्या बोर्डांवर नसतो) लागत असेल तर स्टँडबाय येतो आहे आणि संशय बटणावर जातो. बटणाची वायर काढून पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचे टोक क्षणभर टेकवावे. यंत्र सुरू झाले तर बटण गेले, एवढाच निष्कर्ष. नवे मिळेपर्यंत रिसेटच्या बटणाची वायर त्या पिनांवर लावून काम चालते.

दिवा लागत नसेल तर मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे यंत्र) लागतो. जांभळ्या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. मीटर नसलेले लोक प्लग काढून २४ पिनांचा कनेक्टर बोर्डापासून सोडवतात, हिरवी आणि काळी (ग्राउंडची) तार यू-पिनने (कागद जोडण्याच्या वाकवलेल्या टाचणीने) जोडतात आणि प्लग लावून पंखा फिरतो का ते पाहतात. पंखा फिरला नाही तर एसएमपीएस बहुधा गेलेला असतो. फिरला म्हणून तो भार पेलेल याची मात्र खात्री नाही.

पंखा जरासा हलून थांबत असेल तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. पुढचा यूएसबी पोर्ट जरूर पाहावा. पेन ड्राइव्ह उलटा खुपसून आतल्या पट्ट्या वाकलेल्या असल्या की ५ व्होल्ट ग्राउंडला टेकतात आणि यंत्र उठत नाही. बाकी जोडण्या काढून फक्त बोर्ड, प्रोसेसर आणि एक रॅम ठेवायची व एकेक वस्तू परत लावत जायचे, ही पद्धत कंटाळवाणी असली तरी हमखास आहे.

पावसाळ्यात दमट हवेने कनेक्टर गंजतात, आणि मुंबईतल्या हिंदमातासारख्या सखल भागात तळमजल्यावर जमिनीवर ठेवलेले कॅबिनेट भिजते. ते पूर्ण सुकेपर्यंत प्लग लावू नये. एसएमपीएसच्या उबेला पाल आणि झुरळे येतात. एखादी पाल उच्च दाबाच्या भागात आडवी झाली की फ्यूज उडतो. तरीही एसएमपीएस घरी उघडू नये. त्याच्या मुख्य कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. अर्थिंग नसलेल्या जुन्या चाळींत कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, त्याचा उगम एसएमपीएसच्या फिल्टर कपॅसिटरांत असतो; डेड पीसीशी त्याचा संबंध नसतो, पण अर्थिंग करून घ्यायलाच हवे.

मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक बाजारात (अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) एसएमपीएस दुरुस्त करण्यापेक्षा बदलून देण्याकडेच कल असतो आणि ते योग्यही आहे, चिप लेव्हल काम (बोर्डावरचा एकेक बारीक भाग बदलून केलेली दुरुस्ती) मदरबोर्डासाठी राखावे. डब्यावरच्या वॉटच्या आकड्यावर जाऊ नये, हलक्या वजनाच्या स्वस्त मालावर तो आकडा फुगवून छापलेला असतो. वापरलेल्या कार्यालयीन पीसींमध्ये कंपनीचा स्वतःचा कनेक्टर आणि वेगळा आकार असू शकतो, त्यात साधा एटीएक्स एसएमपीएस बसत नाही. म्हणून दुकानात जाताना जुना एसएमपीएस सोबत न्यावा.