मातीचं कोरल रीफ: एकटीच्या थिसिसपासून बालीच्या भट्टीपर्यंत

भिंतभर पसरलेलं सिरॅमिकचं कोरल रीफ (म्हणजे समुद्रातल्या प्रवाळांची वस्ती), मधे रंगच रंग आणि कडेला जाता जाता पांढरंफटक, असे फोटो हल्ली सारखे शेअर होतात ना, त्यातले बरेचसे कोर्टनी मॅटिसन या अमेरिकन आर्टिस्टच्या कामाचे असतात. बाई सागरी जीवशास्त्र आणि सिरॅमिक दोन्ही शिकलेल्या, पुढे ब्राउन युनिव्हर्सिटीत पर्यावरणात मास्टर्स करताना थिसिसचा भाग म्हणून त्यांनी 'अवर चेंजिंग सीज' मालिकेतलं पहिलं रीफ बनवलं आणि 2011 मध्ये ते थेट वॉशिंग्टनला, अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या इमारतीत लागलं.

समुद्री जीव हाताने घडवायचा नाद मात्र जुना आहे. 19व्या शतकात ड्रेस्डेनमध्ये ब्लाश्का बाप-लेक काचेचे समुद्री जीव बनवून म्युझियम आणि कॉलेजांना विकायचे, कारण खरे जीव बाटलीत ठेवले की रंग उडायचा आणि आकारही जायचा.

मग काच सोडून माती का? एक तर कोरलचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि तेच ग्लेझमध्येही, म्हणजे मातीच्या वस्तूंवरच्या काचेसारख्या चकाकीत, सर्रास वापरतात. शिवाय दोन्ही ठिसूळ, धक्का लागला की तुकडा पडलाच. पांढऱ्या रंगाचं कारण बहुतेकांना माहीत असेल, पाणी तापलं की कोरलच्या आत राहणारं शेवाळ निघून जातं आणि ते पांढरं पडतं (हे फक्त ऑस्ट्रेलियातच होतं असं नाही हां, आपल्या मालवणलाही झालंय).

आता माणसांचा भाग, आणि मला यातला सगळ्यात इंटरेस्टिंग तोच वाटतो. रीफ कुणी एक जीव बांधत नाही, लाखो पॉलिप, म्हणजे कोरलचे इवलेसे जीव, आपापलं घर बांधतात आणि त्याची वस्ती होते. 2005 मध्ये लॉस एंजेलिसला मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्दहाइम या मूळ ऑस्ट्रेलियन बहिणींनी क्रोशाचं रीफ सुरू केलं तेव्हा नेमकं हेच झालं, गावोगावच्या लोकांनी, त्यात बायकाच जास्त, आपापली रीफं विणली आणि पसारा हजारो हातांचा झाला. सिरॅमिकला तिथे पोचायला वेळ लागला कारण भट्टी काही घरोघरी नसते! पण 2018 मध्ये जकार्ताच्या अमेरिकन दूतावासासाठी मॅटिसननी 'कॉन्फ्लुअन्स' केलं ते बालीत, तिथल्या कारागिरांना आणि व्हॉलंटियर्सना सोबत घेऊन, सुमारे 2000 तुकडे, प्रत्येक हाताने घडवलेला. जागाही अचूक, इंडोनेशिया कोरल ट्रँगल नावाच्या कोरलने भरलेल्या सागरी पट्ट्यात येतो आणि जगातल्या साधारण तीन चतुर्थांश कोरल प्रजाती तिकडेच. मला विचाराल तर पहिल्या रीफपेक्षा हेच सरस.

आणि आता ही भाजलेली माती समुद्रातच उतरलीय. 2018 मध्ये मालदीवला अ‍ॅलेक्स गोड या डिझायनरची सिरॅमिकची 220 मॉड्यूल्स, आत काँक्रीट भरून, तळाशी जोडली गेली, आणि 2020 मध्ये हाँगकाँग युनिव्हर्सिटीच्या लोकांनी होई हा वान या तिथल्या खाडीत थ्री-डी प्रिंट केलेल्या टेराकोटाच्या 128 टाइल्स टाकल्या, कोरलच्या तुकड्यांना नुसत्या वाळूत तग धरता येत नाही, पकड मिळायला काहीतरी घट्ट लागतं, म्हणून.