श्राव्यपुस्तके : अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक प्रणयकथा (मुंबई)

छापील कादंबरी एका किंवा अधिक निवेदकांनी अथपासून इतिपर्यंत वाचून ध्वनिमुद्रित केली की तिचे श्राव्यपुस्तक होते. काही कथा तर पुस्तक न छापता थेट ऐकण्यासाठीच लिहिल्या जातात. मुंबईतल्या मराठी श्रोत्यांच्या आवडीच्या प्रकारांत अद्भुतरम्य कथा आणि इतिहासकाळात घडणाऱ्या प्रेमकथा येतात. या दोन प्रकारांत निवेदकाचा वाटा इतर पुस्तकांपेक्षा मोठा असतो. पाककृतीचे पुस्तक सपाट आवाजात चालून जाते. शनिवारवाड्यातले शेजघर किंवा नकाशावर नसलेले राज्य सपाट आवाजात उभे राहत नाही.

पूर्वपीठिका

दोन्ही प्रकार मराठीला नवे नाहीत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्ये आली आणि तिच्यामागून अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाटच आली. रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. ती १८७१ मध्ये मुंबईच्या ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातून क्रमशः येऊ लागली. पुढे रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) माधवराव-रमाबाईंचा संसार आणि ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने बाजीराव-मस्तानीचे प्रेम घरोघर नेले. ‘ऐतिहासिक प्रणयकथा’ असा शिक्का मराठी प्रकाशक सहसा मारत नाहीत. वाचक मात्र लढाईची पाने भराभर उलटून नेमके तेच शोधत आलेले आहेत, हे कोणताही जुना ग्रंथपाल सांगेल.

ऐकण्याची सवय त्याहून जुनी. श्रावणात पोथी लावायची, एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची, ही रीत कोकणातून गिरणगावात आली. मुंबईच्या रेडिओ केंद्राचे प्रसारण २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले आणि कालांतराने नभोनाट्य, श्रुतिका हे शब्द रोजच्या बोलण्यात आले. बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू हे आवाज चेहऱ्याशिवाय ओळखले जात. आजच्या श्राव्यपुस्तकाच्या श्रोत्याला निवेदकाबद्दल जी आपुलकी वाटते, तिचे मूळ या रेडिओत आहे.

अ‍ॅपवर ऐकण्याचा काळ २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. तेव्हा स्टोरीटेल ही श्राव्यपुस्तकांची स्वीडिश कंपनी भारतात आली आणि इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीही तिने सुरुवातीपासून घेतली. अमेझॉनच्या ऑडिबलची भारतीय सेवा २०१८ मध्ये आली.

निवेदकाचे काम

मिनिटाला १३० ते १५० शब्द हा वाचनाचा साधारण वेग धरला, तर दीड लाख शब्दांची कादंबरी सतरा ते एकोणीस तासांची होते. ध्वनिमुद्रणाला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ सहज जातो. अडखळले की मागच्या वाक्यापासून पुन्हा घ्यायचे, पोट गुरगुरले तरी पुन्हा घ्यायचे. मुंबईत हे काम करणारे बरेचसे लोक रंगभूमी, डबिंग किंवा आकाशवाणीतून आलेले असतात. डबिंगमधून आलेल्यांना पडद्यावरच्या ओठांची शिस्त असते, पण समोर ओठच नसले की त्यांची गती बिघडते. नाटकवाल्यांची अडचण उलटी : शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय माइकपुढे जड जाते.

ऐतिहासिक प्रेमकथेची खरी परीक्षा संवादांत आहे. पेशवाईतल्या घरात पतिपत्नी एकमेकांना नावाने हाक मारत नाहीत; पत्नी पतीला ‘इकडून’ म्हणते. ‘इकडून अजून जेवण झालं नाही?’ हे वाक्य छापील पानावर साधी चौकशी आहे. निवेदिकेने ‘इकडून’नंतर क्षणभर थांबून वाचले तर त्यात लाज येते; ‘अजून’वर भार दिला तर तक्रार; आणि सगळे वाक्य एका दमात, खालच्या पट्टीत सोडले तर दिवसभर वाट पाहिल्याचे कळते. पूर्ण प्रकरणात दोघांनी एकमेकांना स्पर्शही केलेला नसतो आणि तरी ऐकणारा कानकोंडा होतो, तो अशा जागी.

दुर्दैवाने इतिहास म्हटले की मराठी गळ्याला पोवाड्याचा डफ आठवतो. रणांगणावर तो सूर शोभतो. तोच सूर पुढच्या प्रकरणात उतरला नाही, तर राणीवशातली कुजबुजही गडाच्या दरवाज्यावरची ललकारी वाटू लागते. पुरुष निवेदकाने नायिकेसाठी आवाज पातळ केला की असेच बिघडते. चांगले निवेदक पट्टी जेमतेम बदलतात, वेग आणि श्वास मात्र बदलतात. पत्रांचे मायने हे आणखी एक दुखणे : ‘विज्ञापना ऐसीजे’ किंवा ‘येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे’ अशा ओळी डोळा ओलांडून पुढे जातो, जिभेला तशी सवलत नाही.

अद्भुतकथेत वेगळाच पेच असतो. देवनागरीत ‘चार’मधला च आणि ‘चोर’मधला च एकच अक्षर आहे, उच्चार दोन. ज आणि झ यांचेही तसेच. ओळखीच्या शब्दात अडचण येत नाही, पण लेखकाने नवेच राज्य वसवून त्याच्या नावात ज घातला, तर तो कोणता? हे पहिल्या प्रकरणाआधी लेखकाला विचारून ठरवावे लागते, नावांची यादी करावी लागते आणि प्रत्येक पात्राच्या आवाजाचा नमुना जपून ठेवावा लागतो. दुसरा भाग वर्षभराने आला आणि म्हाताऱ्या जादूगाराचा आवाज तरुण झाला, तर श्रोते ताबडतोब पकडतात.

इंग्रजीतून ऐकणाऱ्या मुंबईकरांपुढे मापदंड तयार असतात. रॉय डोट्रिस यांनी ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’च्या वाचनात २२४ पात्रांना आवाज दिला आणि गिनेस बुकात नोंद झाली. मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग हे दांपत्य लांबलचक अद्भुतमालिका मिळून वाचते. ऐतिहासिक प्रेमकथांत रोझलिन लँडर आणि डॅव्हिना पोर्टर यांची नावे लेखिकांच्या बरोबरीने घेतली जातात. निवेदकाचे नाव पाहून पुस्तक निवडणारा श्रोता मराठीतही आहे.

अनेक कलाकार, पार्श्वसंगीत आणि घोड्यांच्या टापा घालून केलेली नाट्यरूपे ही वेगळी जात. अद्भुतकथेला ती पेलतात. प्रेमकथेला एकच आवाज बरा. सतार मध्ये आली की शांततेची जागा जाते आणि या कथा बऱ्याचशा त्या शांततेवरच चालतात.

ऐकण्याच्या जागा

चर्चगेट ते विरार सुमारे ६० किलोमीटर. धीम्या गाडीत उभ्याने पुस्तक उघडायला कोपराएवढीही जागा नसते, कानाला मात्र गर्दीची अडचण नाही. मध्य रेल्वेवरचे अनुभवी श्रोते प्रकरण घरीच डाउनलोड करून निघत, कारण २०२२ पर्यंत जलद लोकल ठाण्यापुढे पारसिकच्या बोगद्यातून जात आणि ऐन निरोपाच्या प्रसंगी रेंज जाई. दुसरी जागा स्वयंपाकघर. मेथी निवडताना, पोळ्या लाटताना हात गुंतलेले असतात आणि कान रिकामे.

प्रेमकथा वाचण्याऐवजी ऐकण्याला आणखी एक कारण आहे आणि ते मुंबईच्या घरांच्या आकाराशी जोडलेले आहे. दोन खोल्यांत पाच माणसे राहत असतील तर पुस्तकाचे मुखपृष्ठ सगळ्यांना दिसते. सासूबाई चष्मा सारून नाव वाचतात. कानात इअरफोन घातलेल्या बाईला फार तर ‘काय ऐकतेस गं?’ असे कोणी विचारते आणि ‘इतिहासाचं आहे, पेशव्यांचं’ हे उत्तर खोटेही नसते. चारचौघांत, महिलांच्या डब्यात तीन जणींच्या सीटवर चौथी बसलेली असताना, एखादीला शृंगाराचे प्रकरण निवांत ऐकता येणे ही या शहरात छापील पुस्तकाने कधीच दिली नव्हती अशी सोय आहे.

वेग वाढवून ऐकण्याची सोय अ‍ॅपवर असते. अद्भुतकथेतल्या लांब वर्णनांना ती सर्रास वापरली जाते. प्रेमकथेत सव्वापट वेगानेही निवेदकाने मोजून ठेवलेले विराम मोडतात.

दृष्टिहीन श्रोते

या श्रोत्यांसाठी बोलती पुस्तके अ‍ॅपच्या किती तरी आधीपासून होती. ब्रिटन-अमेरिकेत ती १९३० च्या दशकात तबकड्यांवर आली. मुंबईत १९५२ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने ती कॅसेटवर पोचवली. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने अशा प्रतींना परवानगीची अट उरली नाही आणि २०१४ मध्ये दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती करू देणारा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश ठरला. स्वयंसेवकांनी वाचलेल्या या प्रतींत अभिनय कमी असतो. अनेक जुने श्रोते तेच पसंत करतात. त्यांच्या मते पात्राचा आवाज ऐकणाऱ्याने मनात लावायचा असतो आणि वाचणाऱ्याने फक्त शब्द स्वच्छ पोचवायचे असतात.