‘पंच’मधले पाच, मुंबईचा वाडगा आणि थंडीतला गरम पेला : पार्श्वभूमी

‘पंच हा शब्द आपल्या पाचवरून आला’ हे ‘पंच’ या मिश्र मद्यपेयाबद्दलचं वाक्य नाताळच्या आसपास इतक्यांदा वाचायला मिळतं की त्यावर शंका घेणं अरसिकपणाचं वाटतं. दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. मोजले की पाच भरतात. पण ज्या कागदपत्रांच्या आधारावर हे सांगितलं जातं, ती वाचली की हा हिशेब डगमगतो.

इंग्रज कंपनीच्या नोकरांच्या पत्रव्यवहारात हा शब्द १६३२ मध्ये सापडतो, तोही कसलंही स्पष्टीकरण न देता. म्हणजे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला तो आधीच माहीत होता. १६३८ मध्ये सुरतेला आलेल्या एका जर्मन प्रवाशाने वखारीतल्या पेयाचे घटक दिले आहेत : दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. चार. पुढे मुघल मुलखात राहिलेला एक फ्रेंच वैद्य बंगालमधल्या पेयाबद्दल लिहितो : दारू, लिंबाचा रस, पाणी, वरून किसलेलं जायफळ. पुन्हा चार, आणि साखरेचं वेगळं नावच नाही, कारण दारूच काळ्या गुळाची. चवीला छान पण शरीराला घातक, असा शेराही त्याने मारून ठेवलाय.

पाचाचा खरा साक्षीदार एकच. १६७०च्या दशकात मुंबई-सुरत-गोवा भागात फिरलेला एक इंग्रज डॉक्टर. तो सांगतो की सगळ्यात उत्तम अरॅक, म्हणजे भट्टीची दारू, नेरूलला होते (गोव्यातलं नेरूल, नवी मुंबईचं नेरूळ नव्हे), तिच्यापासून या किनाऱ्यावरचे इंग्रज ‘पाँच’ नावाचं अंगातली ताकद शोषणारं पेय करतात आणि इकडच्या भाषेत त्याचा अर्थ पाच. उद्धरणं देणारे बहुतेकजण इथेच थांबतात. वाक्य मात्र पुढे जातं : वैद्य पाच द्रव्यांच्या योगाला जसं संख्येवरून नाव देतात तसं हे, किंवा मग चार द्रव्यांच्या योगासारखं. म्हणजे खुद्द साक्षीदारच चार की पाच यावर अडखळतो. शिवाय तो पेशाने वैद्य. आपल्या त्रिकटू, पंचकोलासारखी आकड्यांवरून पडलेली औषधांची नावं रोज तोंडात असणाऱ्या माणसाला कुठल्याही मिश्रणात आकडा दिसणारच.

विरुद्ध बाजूचं म्हणणं असं : सतराव्या शतकातल्या इंग्रजीत या शब्दातला स्वर ‘उ’च्या जवळचा होता, ‘पुंच’सारखा. ‘पाँच’मधल्या ‘आ’चा ‘उ’ सहजी होत नाही. त्यापेक्षा जहाजावरच्या ‘पंचन’ नावाच्या मोठ्या पिंपाचं नाव खलाशांनी तोडून पेयाला दिलं असेल. हे पटण्यासारखं आहे, पण त्याला लेखी दुवा नाही. पिंपाचं पेय कधी झालं हे दाखवणारा एकही कागद कुणी पुढे केलेला नाही.

घटक चार निघाले म्हणून पाचाची व्युत्पत्ती खोटी, हा युक्तिवाद मात्र मराठी माणसाने तरी करू नये. लग्नाच्या पानात डावीकडे वाढलेल्या पंचामृतात दाणे, तीळ, खोबरं, मिरच्या, चिंच, गूळ असं सहाच्या पुढे काय काय असतं. नाव कुणी बदललेलं नाही. आमचं मत : शब्दाचा निकाल लागत नाही, आणि त्याच्या मागे लागून हाताशी असलेली जास्त पक्की गोष्ट दुर्लक्षित राहते. ती म्हणजे प्रमाण.

मुंबई सरकारच्या १६९४च्या एका हुकुमात ते लिहिलेलं आहे. खानावळीत पंच प्यायला येणाऱ्याने एक क्वार्ट (दोन पाइंट, साधारण लिटरभर) चांगली गोव्याची अरॅक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट चांगलं ‘लाइम वॉटर’ मागावं आणि आपला पंच आपणच करावा. (लाइम वॉटर म्हणजे इथे लिंबाचा रस. चुन्याची निवळी नव्हे.) पुढचं कलम झकास आहे : वाडग्यावर बाजाराच्या अंमलदाराचा शिक्का नसेल तर गिऱ्हाइकाने तो खुशाल फोडावा, वाडग्याचेही पैसे द्यायचे नाहीत आणि पंचाचेही. मापात मारणाऱ्यांचा बंदोबस्त यापेक्षा सुटसुटीत कुठे झाला असेल असं वाटत नाही.

अरॅक म्हणजे मुळात अरबी ‘अरक’, घाम. भट्टीवर जमणारे थेंब. आपला अर्क आणि गोव्याचा उर्राक त्याच घरातले. हुकुमातली अरॅक बहुधा माडाची, म्हणजे माडाच्या फेणीची पूर्वज. आणि या किनाऱ्यावर ती गरम करून पिण्याचं काही कारण नव्हतं. ऊब आली ती इंग्लंडात. तिथे साखर दगडासारख्या कठीण शंकूंच्या रूपात मिळे. तो शंकू लिंबाच्या सालीवर घासून सुवासिक तेल साखरेत उतरवायचं आणि मग उकळतं पाणी ओतायचं, कारण गार पाण्यात, त्यातून दारूत, ती ढेप विरघळणं मुश्कील. हिवाळ्यात हीच सोय चैन झाली. अरॅकही फार टिकली नाही. १७३०च्या दशकात लंडनच्या एका पंचगृहाच्या जाहिरातीत क्वार्टभर अरॅकचा पंच ६ शिलिंग, रम किंवा ब्रँडीचा ४. कॅरिबियनमधल्या गुलामांच्या श्रमांवर स्वस्त झालेल्या रमने गोव्याला पेल्याबाहेर काढलं, ते असं.

मुंबईचं प्रमाण आजच्या मापात : दारू चार भाग, लिंबाचा रस एक भाग, साखर जवळजवळ रसाच्या वजनाइतकी. पाण्याचा उल्लेख नाही, कारण ते फुकट. चार पेल्यांसाठी २४० मिली दारू, ६० मिली रस, ५५ ते ६० ग्रॅम साखर, ४८० मिली पाणी. दारू ४२-४३ टक्क्यांची असेल तर पेल्यात साडेबारा टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे वाइनइतकी. गरम आणि गोड असल्यामुळे ती तेवढी वाटत नाही, हा धोका धरून चालावं.

दोन संत्र्यांची किंवा ईडलिंबांची साल सोलाण्याने पातळ काढा, पांढरा भाग न घेता. साखरेत चुरडून झाकून दोन तास ठेवा. साखर ओलसर आणि वासाची होते. कागदी लिंबाची साल इथे चालत नाही. ती इतकी पातळ की पांढरा भाग येतोच आणि तो गरम पाण्यात कडू उतरतो. वाडगा आधी उकळत्या पाण्याने विसळून तापवा. मग साखरेवर १०० मिली उकळतं पाणी, पूर्ण विरघळल्यावर साल काढून रस, मग दारू, शेवटी उरलेलं गरम पाणी. हा क्रम उलटला की साखर तळाशी बसते, पहिला पेला आंबट आणि शेवटचा काकवी. या प्रमाणात पेय ६५ अंशांच्या आसपास येतं, ओठांना सोसेल इतकं. गार झालं तर वाडगा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, गॅसवर नाही : अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, वाफ पेट घेऊ शकते आणि लिंबाच्या रसाला मुरंब्यासारखा शिजका वास येतो. जायफळ पेल्यावर ताजं किसा. तयार पूड भुशासारखी तळाशी साचते. काजूची फेणी वापरणार असाल तर निम्मी फेणी, निम्मी रम. उष्णतेने फेणीचा वास दुप्पट झाल्यासारखा वर येतो आणि लिंबू हरतं.

स्वीडनमध्ये हाच शब्द ‘पुन्श’ होऊन वेगळ्या वाटेने गेला. तिथली ईस्ट इंडिया कंपनी १७३१ची, अरॅक बटाव्हियाची (आजचं जकार्ता). ती काकवी आणि तांदळाच्या विरजणावरची, माडाची नव्हे. १८४५ पासून ते मिश्रण तयार बाटलीत मिळू लागलं आणि आजही गुरुवारच्या पिवळ्या वाटाण्याच्या सूपसोबत गरम करून पितात. स्कॉटलंडची ‘हॉट टॉडी’ मात्र निर्विवाद आपल्या ताडीची नात. ताडी राहिली ताडावर. नाव व्हिस्की, गरम पाणी आणि मधाला चिकटलं.

आजचा तंटा जर्मन ‘ग्लूवाइन’चा, म्हणजे मसाला घालून तापवलेल्या वाइनचा आहे : पंचाला ते नाव लावायचं की नाही. युरोपीय संघाच्या २०१४च्या मूळ नियमानुसार ती फक्त लाल किंवा पांढऱ्या वाइनचीच हवी होती, मसाल्यात मुख्यतः दालचिनी किंवा लवंग, अल्कोहोल किमान ७ टक्के, आणि साखरेच्या पाकापलीकडे पाणी घालायला बंदी. पाणी हाच ज्याचा जीव त्या पंचाला हे नाव लागूच शकत नाही. घरी करताना ७५० मिली लाल वाइनला ७० ग्रॅम साखर, बोटभर दालचिनी, चार लवंगा, संत्र्याची साल. ७० अंशांवर वीस मिनिटं. लवंगा सहा केल्या तर दाताच्या दवाखान्याचा वास येतो. ओकच्या पिंपात मुरलेली महाग वाइन घेऊ नका. तिचा तुरटपणा तापल्यावर टोचतो. रम घालायचीच तर प्रत्येकाच्या कपात घाला, पातेल्यात नको. जर्मन बाजारातले ठेलेवालेही ती वरून वेगळी ओततात आणि वेगळी आकारतात.